तुम्ही विचारलंत म्हणून: जिनिंगवरची पोरं टिकतात कशी?

दिवाळी झाली, कापूस यायला लागला, की ओळखीतल्या एखाद्या जिनिंगवाल्याचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या मालकाचा, फोन येतोच. "भाऊ, तुमच्या इथले पोट्टे टिकतात कसे? आमचे तर पहिला पगार झाला की पुण्याची गाडी धरतात."

पगारामुळे टिकतात म्हणावं, तर चाकणच्या कंपनीएवढा पगार हिंगणघाट भागातल्या जिनिंगला परवडत नाही. शिवाय मार्च-एप्रिलात हंगाम आटोपतो. मला वाटतं, पोरगं याच गावातलं आहे हे आपण विसरतो. पुण्यात साहेबानं झापलं तर ते गेटाच्या आत राहतं. इथं वजनकाट्यावरच्या रांगेत त्याचा काका असतो, मामा असतो, शाळेतला जोडीदार असतो. सकाळी दिलेली शिवी संध्याकाळी त्याच्या आईच्या कानावर जाते.

माझी पहिली नोकरी अशीच सुटली. बावीस वर्षांचा होतो, काट्यावर होतो. एका ट्रॅक्टरचं रिकामं वजन नोंदवायचं राहिलं. चूक माझीच होती. पण मॅनेजरनं पावतीबुक माझ्या अंगावर भिरकावलं, तेव्हा रांगेत माझे बाबा बंडी घेऊन उभे होते. त्यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही.

मागच्या हंगामात ग्रेडिंगला एक नवीन पोरगा घेतला. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, पूर्ण भाव, त्याच्यावर कपात, आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. यानं मीटर खोचलं, आकडा आला 14. गाडी नेमकी त्याच्या मामाची. "काय गा, मामाचा कापूस वापस करतं?" मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी मीटर घेतलं, गाडीत तीन ठिकाणी खोचलं, आकडे मामांना दाखवले. म्हटलं, "मामा, कापूस मी परत करतोय, तो नाही. दोन दिवस ऊन दाखवा अन् आणा." गाडी गेल्यावर पोराला केबिनमध्ये नेलं. वरवर एकाच जागी मीटर लावून निकाल द्यायचा नसतो, हे तिथं सांगितलं, दोघंच असताना.

मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग आहे, 1939 साली प्रसिद्ध झालेला. दहा-दहा वर्षांच्या मुलांचे गट केले आणि त्यांना तीन तऱ्हांचे म्होरके दिले: हुकूम सोडणारा, विचारून चालणारा आणि मोकळं सोडून देणारा. 20 पैकी 19 मुलांना हुकूम सोडणाऱ्यापेक्षा विचारणारा आवडला, यात नवल नाही. मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीनं. चार मुलं गट सोडून गेली, चारही हुकूमवाल्याच्या काळात, आणि तेही जिथं उघड बंड झालंच नव्हतं तिथून.

मोकळं सोडायची चूक मीही केली आहे. सुरुवातीची दोन वर्षं मला वाटायचं, पोरांच्या कामात लक्ष घातलं नाही की त्यांना बरं वाटेल. रेचा, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, अडला तर विचारायचं कोणाला, हेच त्यांना कळत नव्हतं. दोघं गेले.

आणखी एक गेला, तो सगळ्यात शांत. तीन हंगामांत एकदाही उलट बोलला नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. तेव्हापासून गप्प पोराजवळ आधी जाऊन बसतो. परवा रेच्यावरच्या एकाला विचारलं, "काही अडचण?"

"नाही."

बसूनच राहिलो. चहा संपला तेव्हा खाली बघत म्हणाला, "भाऊ, मुकादम सगळ्यांसमोर माह्या बापाच्या दारूवरून बोलतात."

मुकादम वीस वर्षांपासूनचा माणूस, हंगाम त्याच्या जिवावर चालतो. त्याच रात्री त्याच्याशी बोललो. केबिनचं दार लावून.