तुम्ही विचारलंत म्हणून: परत येतानाही गाडीनेच का?

"जाताना ठीक आहे हो, पण येताना तरी विमानाने यायचं ना!"

गेली दोन वर्षं कुठल्याही घरगुती कार्यक्रमाला गेलं की हे वाक्य माझी वाट बघत बसलेलं असतं. आम्ही दोघी बहिणी न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियापर्यंत गाडीने गेलो, हे लोकांना चालतं. हौस असते एकेकाला. पण तीच गाडी, तोच रस्ता आणि उलट्या दिशेने पुन्हा तीन हजार मैल, हे काही कुणाच्या पचनी पडत नाही. मग मी काहीतरी ठोकून देते. तिकिटं महाग होती (आधीच काढलेली होती, रद्द केली). ताईचे विमानात कान दुखतात (कधीच दुखले नाहीत). खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते माझं नाही, ताईचं आहे, म्हणून देत नव्हते. परवा तीच म्हणाली, "लिहून टाक एकदाचं. नाव तेवढं घालू नकोस."

तर ताई.

तिला अमेरिकेत येऊन पंचवीस वर्षं झाली. आल्या आल्या वर्षभरात लायसन्स काढलं. गाडी ती छान चालवते, बर्फातसुद्धा. फक्त हायवे घेत नाही. "मी लोकलने येते" असं म्हणते. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आधी काही कळायचंच नाही. लोकलने म्हणजे आतल्या रस्त्यांनी, सिग्नलमागून सिग्नल घेत. माझं घर तिच्यापासून वीस मिनिटांवर आहे, ती पाऊण तासाने उगवते. कुठल्या चौकात किती सेकंदांचा लाल असतो हे तिला तोंडपाठ आहे.

याचं कारण म्हणजे फार वर्षांपूर्वीचा एक रॅम्प, म्हणजे हायवेवर चढायचा जोडरस्ता. तुमच्यातल्या ज्यांना इथे हायवेवर शिरण्याचा सराव नसेल त्यांना सांगते. रॅम्पवरूनच वेग वाढवत वाढवत हायवेच्या वेगाला यायचं, आरशात बघायचं, मान वळवून डाव्या खांद्यावरून बघायचं आणि दोन गाड्यांमधल्या फटीत शिरायचं. अडचण अशी की घाबरलं की पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि इथे ब्रेकसारखा दुसरा धोका नाही. ताईने त्या दिवशी रॅम्पच्या टोकाला गाडी चक्क थांबवली. मागे ट्रक. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला तो सोडेचना. शेवटी भाऊजींनी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यावर, जागा बदलून गाडी काढली. कुणी तिला बोललं नाही, भाऊजींनी तर ब्रसुद्धा काढला नाही. पण त्या दिवसापासून हायवे म्हटला की ताई उजव्या सीटवर, पर्स मांडीवर, आणि समोरच्या गाडीचे दिवे लाल झाले की हिचा उजवा पाय कार्पेट दाबणार.

प्रवासाचं निमित्त अगदी साधं होतं. भाचीला सॅक्रामेंटोजवळ नोकरी लागली आणि ताईची बारा वर्षांची गाडी तिला द्यायची ठरली. ट्रकवर चढवून पाठवता आली असती. मीच म्हटलं, आपण नेऊ. मी चालवीन, तू बस, येताना विमान. मला तीन आठवड्यांची रजा होती आणि ताईबरोबर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त मी लग्नाआधीच काय ती राहिले होते.

आमचा रस्ता म्हणजे आय-८० हा हायवे. न्यू जर्सीतल्या टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. सुमारे २,९०० मैल, अकरा राज्यं. निघण्यापूर्वी मी जरा वाचून ठेवलं होतं, कारण पहिल्या दिवशी पेनसिल्व्हेनिया संपता संपत नाही हे मला माहीत होतं. गाडीत ताईला गोष्टी सांगितल्या. टीनेकच्या शेजारच्या हॅकनसॅकची ॲलिस रॅम्झी, १९०९ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटार घेऊन गेली. असं करणारी ती पहिली बाई. बरोबर एक मैत्रीण आणि नवऱ्याच्या दोन बहिणी. चौघींत गाडी चालवता येणारी ती एकटीच. ५९ दिवस लागले, अकरा टायर बदलले, आणि ३,८०० मैलांपैकी पक्का रस्ता जेमतेम दीडशे मैल.

ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दोन नणंदांना घेऊन? एकोणसाठ दिवस?" टायरांचं तिला काहीच वाटलं नाही.

दुसरी गोष्ट व्हॅन ब्युरेन बहिणींची. ऑगस्टा आणि ॲडलिन. १९१६ च्या ४ जुलैला ब्रुकलिनहून एकेका मोटारसायकलवर निघाल्या. अमेरिका महायुद्धात उतरलीच तर निरोप पोचवण्याचं काम बायकाही करू शकतील, हे त्यांना दाखवायचं होतं. शिकागोच्या पुढे छोट्या गावांतून पोलिसांनी त्यांना अडवलं, कशासाठी, तर पुरुषी कपड्यांसाठी. चामड्याच्या विजारी घातल्या होत्या. वाटेत पाइक्स पीकच्या माथ्यावर मोटारसायकलने चढल्या, तोवर कुठलीच बाई तशी चढली नव्हती. ६० दिवसांत सॅन फ्रान्सिस्को गाठलं. इतकं करून ॲडलिनने सैन्याकडे अर्ज केला तो नामंजूर. आणि तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्याच सैन्याचा ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला लागले ६२ दिवस! त्या ताफ्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने हायवे बांधण्याच्या ज्या कायद्यावर सही केली, त्यातूनच आमचा आय-८० आला.

भांडलो का, हा तुमचा उपप्रश्न. भांडलो. ओहायोत एसीवरून, आयोवात आईवरून. आईला कोण किती फोन करतं आणि कोण नुसतंच पैसे पाठवतं, यावर मिसिसिपी ओलांडताना जे सुरू झालं ते डे मॉइनपर्यंत पुरलं, आणि पुढे ऐंशी मैल अबोला. त्यातलं काही मिटलं नाही. अजूनही तसंच आहे.

मग नेब्रास्का लागलं.

लिंकनच्या पश्चिमेला, ग्रँड आयलंडपर्यंत, आय-८० जवळपास ७२ मैल सरळ जातो. सरळ म्हणजे पट्टीने आखल्यासारखा, स्टिअरिंगला हात लावला न लावला सारखंच. दोन्ही बाजूंना मका. मी जांभया देत होते. एका रेस्ट एरियात थांबलो, मी तोंड धुऊन आले तर ताई डाव्या सीटवर. सँडल काढून मागे टाकलेले, पायात चालायला जायचे बूट.

"बस," म्हणाली. "आणि बोलू नकोस."

मी बसले. न बोलणं हा माझा स्वभाव नाही, हे सगळे जाणतात. रेस्ट एरियातून बाहेर पडताना तसाच रॅम्प असतो, फक्त हायवेवर गर्दी नसते. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं रामरक्षा. कान देऊन ऐकलं तर, "आरसा, मान, पाय. आरसा, मान, पाय." इंजिनाचा आवाज चढला. मागून एक ट्रक येत होता, पण पुष्कळ लांब. काटा पन्नासवर, साठवर. पट्टी संपत आली तशी मी नकळत दाराचं हँडल धरलं, आणि तिने ते पाहिलं. एवढ्या घाईत पाहिलं! "हात काढ तिथून," म्हणाली आणि आत शिरली. मागच्या ट्रकने मुकाट्याने डावी लेन घेतली.

तिने मग पुढची सत्तर मैल गाडी चालवली. पुढच्या रेस्ट एरियात उगाचच आत गेली आणि पुन्हा बाहेर आली. त्याच्या पुढच्यातही. मी पाणी मागितलं तर म्हणाली, "मागे आहे, घे."

वायोमिंगमध्ये वारा इतका की रिकामे ट्रक डोलत होते. तिथे मी चालवली. शायनच्या पुढे रस्ता ८,६४० फुटांवर जातो, आय-८० वरचं हे सर्वांत उंच ठिकाण. त्याच राज्यात एक गंमत आहे. खंडाचं पाणी दोन महासागरांत वाटणारी जी रेषा आहे ती हा रस्ता दोनदा ओलांडतो, कारण मध्ये एक मोठं खोरं आहे ज्यातलं पाणी कुठल्याच समुद्राला मिळत नाही. ताई म्हणाली, "बरं आहे की. कुठे जायलाच नको." मला ते वाक्य आवडलं होतं, म्हणून इथे घातलं. त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध नाही.

युटात सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेला मिठाचं वाळवंट आहे. व्हॅन ब्युरेन बहिणी याच बाजूला वाट चुकल्या होत्या आणि त्यांचं पाणी संपलं होतं. धातूच्या शोधात हिंडणारा एक माणूस नेमका भेटला म्हणून वाचल्या. आम्ही गाडी लावून मिठावर चाललो. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. ताई खाली वाकली, बोटाने चिमूटभर मीठ उचललं, चाटून पाहिलं आणि मान हलवली, जणू कमीजास्त काय ते तिला ठरवायचं होतं.

सातव्या दिवशी भाचीच्या दारात पोचलो. चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी विमान होतं. आदल्या रात्री जेवताना भाचीने किल्ली मागितली आणि ताई म्हणाली, "गाडी मी परत नेतेय. तू विमानाने जा," हे दुसरं वाक्य मला.

भाची म्हणाली, "आई! मग मी काय चालवू?"

"बघ काहीतरी. पगार आहे ना?"

मी समजावायला सुरुवात केली. गाडीचं वय, टायर, सिएरातला घाट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "येताना माझा नंबर नेब्रास्कात लागला गं. अर्धा रस्ता तर मी नुसती बसूनच होते. तो राहिलाय."

आता मला सांगा, हे वाक्य मी हळदीकुंकवात उभ्या उभ्या कुणाला कसं सांगायचं? मी विमान रद्द केलं.

परतीचा प्रवास जाण्यासारखा नसतो, तो घड्याळात दिसतो. पश्चिमेकडे जाताना तीनदा एकेक तास फुकट मिळतो, संध्याकाळ लांबते. पूर्वेकडे येताना तेच तीन तास परत भरावे लागतात. दिवसभर चालवूनही मुक्कामाला अंधारच पडतो. आणि सकाळचं ऊन थेट डोळ्यांत. ताईने दोन गॉगल मोडले. शिवाय नवशिक्याला पहिल्याच दिवशी घाट. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आणि घाटाचा माथा, डॉनर समिट, ७,२३९ फुटांवर. अर्धा घाट तिने चढवला, ट्रकांच्या मागे उजव्या लेनमध्ये, हॅझर्ड लावून. अर्धा मी. नेवाडा जवळजवळ सगळं तिचं. वायोमिंगचा वारासुद्धा या खेपेला तिने घेतला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, आणि लॅरामीला उतरल्यावर तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. शिकागोच्या दक्षिणेला मात्र, जिथे ट्रकांच्या भिंतींमधून जावं लागतं, तिने आधीच एक्झिट घेतली आणि म्हणाली, "इथे तू." लाज वगैरे काही नाही.

मी काय शिकले असं विचारू नका. मी सूचना द्यायची थांबले नाही. ओहायोत तिने गाडी बाजूला घेऊन मला मागच्या सीटवर बसवलं, दोन तास, शाळेतल्यासारखं.

आठव्या दिवशी दुपारी डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून न्यू जर्सीत शिरलो. शेवटचं पेट्रोल भरून हायवेवर परत येताना ताई मला एका लग्नाबद्दल सांगत होती, कुणी कुणाला काय दिलं नाही ते. रॅम्पवर तिचं बोलणं चालूच राहिलं. आरशात बघून झालं, मान वळवून झाली, गाडी आत घातली, वाक्य मध्ये तुटलं नाही. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा आम्ही दोन मैल पुढे आलो होतो. मी काही बोलले नाही. आमच्या घरात कुणी विश्वास ठेवणार नाही, पण खरंच बोलले नाही.

भाऊजींना आम्ही फक्त "संध्याकाळी पोचतो" एवढंच कळवलं होतं. गाडी आत वळल्याचा आवाज ऐकून ते सपाता घालून बाहेर आले. काचेवर उन्हाची तिरीप होती, आतलं काही दिसत नसणार. नेहमीप्रमाणे ते सरळ उजव्या बाजूला गेले, दार उघडलं, पर्स घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाले, "फार दमलीस का गं?"

तिथे मी बसले होते.