खिशातला स्पेक्ट्रम

हातात मावणाऱ्या लिनक्स हँडहेल्डवर, म्हणजे खेळांसाठीच्या छोट्या यंत्रावर, गेमबॉयचे खेळ लावण्यात फार मोठा पराक्रम नाही. त्या खेळांना लागायची त्याहून चार बटणं जास्तच या यंत्रावर असतात. खरा कस लागतो तो १९८२चा झेडएक्स स्पेक्ट्रम त्यात बसवताना. तो घरगुती संगणक होता, त्याला ४० रबरी कळा होत्या. (१९८८ मध्ये डेसिबेल्सने परवाना घेऊन भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस काहींना आठवत असेल.) मियू मिनी प्लस या हँडहेल्डवर दिशांची चार धरून बटणं पंधराच्या आसपास. पाहुणे चाळीस आणि पाट पंधरा.

सुदैवाने सगळे पाहुणे एकदम जेवायला बसत नाहीत. बहुतेक खेळांना डावी-उजवीकडे जायला ओ आणि पी, वर-खाली क्यू आणि ए, शिवाय स्पेस किंवा एम एवढंच लागतं. खेळाच्या मेनूत केम्पस्टन जॉयस्टिक दिसला तर तोच निवडा, आणि इम्युलेटरमध्येही (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिल्या पोर्टला केम्पस्टनच लावा. एकीकडे केम्पस्टन आणि दुसरीकडे सिंक्लेअर राहिलं, तर पडद्यावरचा माणूस जागचा हलत नाही आणि लोक बटणांना दोष देत बसतात. सिंक्लेअर जॉयस्टिक म्हणजे मुळात ६ ते ० या पाच कळाच. 'सुरू करण्यासाठी एस दाबा' असा हट्ट धरणाऱ्या खेळांसाठी, इम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रामच्या फ्यूज कोअरमध्ये (स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या भागात) सिलेक्ट दाबला की पडद्यावर कीबोर्ड येतो. बटणांची नेमणूक त्या एका खेळापुरतीच जतन करावी. सगळ्या कोअरसाठी केली, तर पुढच्या खेळात उडी मारायला जाल आणि खेळच थांबेल.

कळा जमल्या तरी चित्र अडखळतं, आणि त्यात प्रोसेसरचा काही दोष नसतो. स्पेक्ट्रम ब्रिटनच्या टीव्हीसाठी घडलेला, सेकंदाला सुमारे ५० चित्रं काढणारा. हँडहेल्डचा पडदा सहसा ६० वेळा बदलतो. मग दर पाचवं चित्र दोनदा दाखवलं जातं आणि सरकणारा देखावा गचके खातो. गती ओढूनताणून ६०वर नेली तर सगळा खेळ २० टक्के जास्त वेगाने धावतो, संगीतही चिरकतं. यावरचा सरळ उपाय स्टीम डेक या ताकदवान हँडहेल्डकडे आहे. त्याच्या एलसीडी पडद्याची गती ४० ते ६०च्या दरम्यान हवी तेवढी ठेवता येते. ती ५०वर आणा, उरलेला बारीक फरक रेट्रोआर्क आवाजाची गती किंचित हलवून भरून काढतो. एवढं तगडं यंत्र ४८ केबीच्या संगणकासाठी वापरायचं हे जरा अतीच, पण चित्र लोण्यासारखं सरकतं. मात्र डेकची मूळ प्रणाली केवळ-वाचनीय असते. कुलूप काढून पॅकमॅनने (प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेने) तिच्यात घातलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं, म्हणून मूळ प्रणालीला हात न लावता प्रोग्राम बसवणारा फ्लॅटपॅकच बरा.

स्वस्त हँडहेल्डसोबत आलेल्या बिननावाच्या मेमरी कार्डावर मात्र विसंबू नये. आधी त्याची नक्कल काढावी, मग चांगल्या कंपनीचं कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यावर ती उतरवावी. त्याआधी डिस्कांची यादी काढून आकार बघा. नक्कल काढणाऱ्या डीडी या आज्ञेला डिस्कचं चुकीचं नाव दिलं तर तो काही न विचारता लॅपटॉपची डिस्क पुसून मोकळा होतो.

चित्राचा आकार ही त्यातल्या त्यात सुखाची बाब. स्पेक्ट्रमचं मूळ चित्र २५६ बाय १९२, पण फ्यूज भोवतीच्या बॉर्डरसह ते ३२० बाय २४० देतो. मियू मिनी प्लसचा पडदा ६४० बाय ४८०. बरोबर दुप्पट! एकही ठिपका ताणावा लागत नाही, अक्षरं काचेसारखी स्वच्छ. काहीजण बॉर्डर वाया जाते म्हणून लपवतात. तसं केलं तर मग खेळाची टेप जलदच लोड करा. जुन्या पद्धतीने चार-पाच मिनिटं लोड होऊ द्यायची हौस असेल तर बॉर्डर हवीच, कारण लोड होतानाचे रंगीत पट्टे तिच्यातच नाचतात.