पोटॅशियमची रेघ सापडली, पण तार आडवी आली

क्षार बर्नरच्या ज्योतीत धरायचा, तिचा प्रकाश अरुंद फटीतून डीव्हीडीच्या तुकड्यावर पाडून रंग वेगळे करायचे आणि मूलद्रव्याची ठरावीक रंगरेघ कॅमेऱ्यानं टिपायची, असा हा घरगुती प्रयोग. मागच्या वेळी सोडियमचा पिवळा अडवणाऱ्या कोबाल्टच्या निळ्या काचेतून पोटॅशियमची जांभळी ज्योत दिसली, पण फोनवर रेघ काही उमटेना. दोष डीव्हीडीच्या तुकड्याचा नव्हता. पोटॅशियमची जोडरेघ ७६६.५ आणि ७६९.९ नॅनोमीटरवर पडते, आणि फोनमधली अवरक्त गाळणी ती अडवते. जुन्या वेबकॅमच्या लेन्समागची, तिरकी धरली की लालसर चमकणारी चकती, म्हणजे हीच गाळणी, काढली. फोकस नव्याने लावावा लागला, पण रेघ आली! दोन्ही रेघा मिळून एकच जाड पट्टा दिसतो, तेवढ्यावर समाधान.

रेघेची जागा नॅनोमीटरमध्ये वाचायच्या मोजपट्टीसाठी जुन्या सीएफएलच्या पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ या रेघा पुरत नाहीत, लाल टोकाला आकडा घसरतो. लिथियमची ६७०.८ घ्याच. ज्योतीत आपोआप घुसणारं नकोसं सोडियमही इथं ५८९ ला कामी येतं.

ते नकोसं सोडियम मात्र क्षार न घातलेल्या कोऱ्या ज्योतीतही हटत नव्हतं. क्षार ज्योतीत धरायची नायक्रोमची तार आम्लात पाच वेळा बुडवून तापवली तरी पिवळं तसंच. कूलर बंद केल्यावर निम्मं झालं. पॅडवरून उडणाऱ्या थेंबांत क्षार असतात, धूळ वेगळीच. उरलेलं पोटॅशियमच्या क्षारातूनच येत होतं. खताच्या लाल पोटॅशच्या वाटेला जाऊ नका. साधं पोटॅशियम क्लोराइड उकळत्या पाण्यात विरघळवून पुन्हा स्फटिक करा: १०० ग्रॅम पाण्यात १०० अंशांना ते साधारण ५६ ग्रॅम विरघळतं, ४० ला ४०. नवतपाच्या कडक उन्हाळ्यात ओट्यावर निवत ठेवलं तर १६ ग्रॅमच हाती लागतं. फ्रिजमध्ये २५ च्या वर. खायच्या मिठाची, म्हणजे सोडियम क्लोराइडची, विद्राव्यता तापमानानं फारशी बदलत नाही, म्हणून त्यातलं थोडंसं सोडियम पाण्यातच राहतं.

आता खरी डोकेदुखी: तार. लाल तापली की तिचा अखंड वर्णपट अवरक्ताकडं चढत जातो आणि गाळणी नसलेल्या वेबकॅमला ७६६ भोवती सगळं पांढरंच दिसतं. ऑटो एक्स्पोजर बंद करून, फट तारेच्या सेंटिमीटरभर वर रोखली तर पट्टा सुटा होतो, पण अंधुक.

तार घासत बसण्यापेक्षा ती काढूनच टाकली तर? वाफ घ्यायच्या नेब्युलायझरमध्ये पोटॅशियम क्लोराइडचं ऊर्ध्वपातित पाण्यातलं एक टक्का द्रावण भरून फवारा बर्नरच्या हवेच्या भोकांशी सोडायचा. हवा वाढून ज्योत उचलली जाते, तेव्हा भोकांवरचं कडं अर्धं मिटवायचं. क्लोराइडनं बर्नरचं पितळ खाल्लं तर तांब्याचा हिरवा रंग मिसळणार, म्हणून आधी स्टीलची नळी शोधायची.