अनंतावर टेकलेली रिंग

पेठेतला दुमजली वाडा उतरवायचा होता. सुतारांनी कडीपाटाला हात लावण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो हवे होते, कारण तुळया, खांब, कोनाडे यांची जुळणी नंतर त्यावरूनच लावायची होती. काम एका दिवसाचं, फ्लॅश नाही, आणि खोल्या लहान. माजघर १० बाय १२ फूट, देवघर त्याहून चिंचोळं.

अशा खोलीत लेन्स किती मिलिमीटरची हवी, याचं गणित ट्रायपॉड लावण्याआधी करता येतं. नेमक्या कोपऱ्यातून चारही भिंती दिसायला ९० अंश पुरतात, आणि फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर) आडव्या फ्रेमला १८ मिमी बरोबर ९० अंश देते. पण कॅमेरा भिंतीत घुसत नाही. तो दोन्ही भिंतींपासून पाऊण फूट पुढे आला की माजघरात ९८ अंश लागतात, फूटभर आला की साधारण १०१.५. १५ मिमी लेन्स १०० अंश देते. म्हणजे बॉडी आणि लेन्स मिळून तीन इंच वाढले, तर तीच लेन्स अपुरी पडते. छोटी लेन्स हवी ती यासाठी. पिशवीतलं वजन वाचतं हा वरचा फायदा.

मग सरळ १२ मिमी का नाही? ती ११३ अंश घेते, खोली आरामात मावते. पण सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्समध्ये कडेच्या गोल वस्तू ताणल्या जातात. आडव्या कडेला हा ताण १८ मिमीवर १.४ पट, १५ मिमीवर १.५६ आणि १२ मिमीवर १.८ पट होतो. कोपऱ्यातला तांब्याचा हंडा १२ मिमीवर आडवं पडलेलं अंडं दिसतो. लेन्सचा हा दोष नव्हे, भूमिती आहे. पैसे जास्त मोजून ती बदलत नाही. शेवटी फोइग्टलेंडर कंपनीची १५ मिमी एफ/४.५ लेन्स घेतली. १९९९ साली आलेली तिची पहिली आवृत्ती फिल्मसाठी होती. मागचं भिंग फिल्मजवळ असल्यानं डिजिटल सेन्सरवर किरण फार तिरके पडतात आणि कोपरे जांभळे होतात. २०१५ची तिसरी आवृत्ती हेच टाळण्यासाठी नव्यानं आखलेली आहे. हाताशी होती ती एम माउंटची (लायका कॅमेऱ्यांच्या जोडणीची), २४७ ग्रॅमची. बॉडी सोनीची, म्हणून मध्ये दोन्ही जोडणारं कडं, म्हणजे अॅडॉप्टर.

सकाळी आठला पश्चिमेच्या माडीपासून सुरुवात केली, कारण सुतार तिथूनच लागणार होते. एफ/८ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं, फोकसची रिंग अनंताच्या, म्हणजे सर्वांत लांबच्या अंतराच्या, टोकाला टेकवली आणि चिकटपट्टी लावून टाकली. १५ मिमीला एफ/८ वर सगळंच स्पष्ट येतं, हा सगळ्यांचा समज. फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगच्या लाल रेघाही पडद्यावर उंबऱ्यापासून छतापर्यंत चमकत होत्या. इतक्या रुंद लेन्सवर पीकिंग जवळजवळ नेहमीच चमकतं. त्याच्यावर विसंबू नये.

साडेदहाला माजघरातला पहिला फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. तुळईवरची नक्षी मऊ, म्हणजे अस्पष्ट. समोरची भिंत मऊ. जवळची खुंटी तर त्याहून वाईट. कॅमेरा हलला असता तर पुसट रेघा एकाच दिशेला गेल्या असत्या, तसं नव्हतं. फ्रेममध्ये कुठंच फोकस नव्हता. संशय मधल्या कड्यावर गेला.

एम माउंटपासून फिल्मचं अंतर २७.८ मिमी, सोनीच्या ई माउंटचं १८. म्हणजे अॅडॉप्टर ९.८ मिमी जाड हवा. सुताराच्या पेटीतला व्हर्निअर लावला तर चारही जागी ९.७० भरला. बरेच अॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, कारण जाड झाला तर अनंत फोकस होतच नाही आणि गिऱ्हाईक परत येतं. पातळ झाला तर रिंग अनंताच्या पुढे जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ५० मिमी लेन्सवर ०.१ मिमीनं खरा अनंत २५ मीटरच्या खुणेवर येतो, तिथून टोकापर्यंत रिंग जेमतेम हलते. १५ मिमीवर मात्र तो सव्वादोन मीटरच्या खुणेवर येतो. टोकाला टेकलेल्या रिंगवर तीन मीटरवरच्या भिंतीचा प्रत्येक बिंदू एफ/८ लाही ०.०२२ मिमीचा ठिपका होतो, २४ मेगापिक्सेलवर साडेतीन-चार पिक्सेल.

ऑफिसचा साधा ८० जीएसएम कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. अॅडॉप्टरच्या मागच्या कड्याचे चार स्क्रू काढले, कागदाची गोल चकती कापून मध्ये घातली, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळले. एकाच बाजूनं आवळले तर कडं तिरकं बसतं आणि फ्रेमची एक बाजू बिघडते. कागद दाबला जातो, पक्क्या कामाला पितळी पत्राच हवा. पण दिवस निभावला. पुढच्या प्रत्येक खोलीत ॲपर्चर ४.५ ला उघडून, चित्र मोठं करून, तुळईवरच्या एका खिळ्यावर फोकस केला, मग एफ/८. कॅमेरा जमिनीपासून चार फुटांवर, लेव्हल शून्यावर. एवढ्या रुंद लेन्सवर कॅमेरा एक अंश वर-खाली कलला तरी खांब झुकलेले दिसतात.

याच लेन्सची ई माउंटची आवृत्तीही मिळते. ती २९४ ग्रॅमची आहे, ३० सेंटिमीटरपर्यंत फोकस होते, रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं, आणि सोनीच्या सेन्सरपुढच्या जाड काचेचा हिशेब तिच्यात धरलेला आहे. एम माउंटच्या लेन्सला ती काच कोपऱ्यात नडते. कागदाची चकती घालूनही देवघराचे कोपरे मध्यासारखे आले नाहीत. बॉडी सोनीचीच राहणार असेल तर सत्तेचाळीस ग्रॅम जास्त सोसावेत.

माजघर, देवघर, ओसरी पाचपर्यंत पुन्हा झालं. पश्चिमेच्या माडीचे अकरा फोटो तसेच मऊ राहिले. वर गेलो तेव्हा कडीपाट उतरवून फळ्या अंगणात रचल्या होत्या.