काखेत कळसा, सिमी व्हॅलीला वळसा

एलएलएमच्या प्रबंधासाठी मला जॉन रॉबर्ट्स यांचे जुने कागद हवे होते. आज ते अमेरिकेचे सरन्यायाधीश. 1982 ते 1986 मात्र रीगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये वकील. माहिती अधिकाराखाली मी अर्ज ठोकला: 'रॉबर्ट्स यांच्याविषयीचं सगळं.' मागायचंच तर कंजुषी कशाला!

रीगन यांच्या काळातले कागद जपणाऱ्या, कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीच्या रीगन लायब्ररीतल्या बाईंचा फोन आला. सगळं म्हणजे नेमकं काय? बोलता बोलता कळलं की 2005 साली सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट्स यांचं नाव पुढे आलं, तेव्हाच हजारो पानं खुली झाली होती. फाइलींची यादी लायब्ररीच्या साइटवरच होती. अर्ज न करता जाऊन बसायचं होतं फक्त.

वाचनकक्षात पिशवी लॉकरमध्ये, हातात फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर, पानांचा क्रम हलवायचा नाही. दुसऱ्या फोल्डरमध्ये पहिलंच पान एक तक्ता होता: कोणता कागद काढून ठेवलाय, तारीख, आणि शेवटी 'बी-6'. मी चक्रावले. 1978 च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांचे कागद सरकारी मालकीचे. कार्यकाळ संपल्यावर 5 वर्षांनी ते मागता येतात, काही प्रकार 12 वर्षं रोखता येतात. रीगन 1989 ला पायउतार झाले. मग अजून बंद कसं? बाईंनी समजावलं: 12 वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आणि सल्लागारांमधल्या सल्लामसलतीच्या कागदांवरचं कुलूप निघतं, पण माहिती अधिकारातला खासगीपणाचा अपवाद, म्हणजे 'बी-6', राहतोच.

मग न्यायाधीश ब्रेट कॅव्हेनॉ यांचं कोडंही सुटलं: सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या व्हाइट हाउसमधले त्यांचे सगळे कागद खुले का नव्हते? बुश 2009 ला पायउतार झाले, म्हणजे 12 वर्षं 2021 ला भरणार. नाव आलं जुलै 2018 मध्ये, अगदी मधेच. सिनेटच्या समितीला कायद्यात वेगळी वाट आहे, पण ती समितीच्या अध्यक्षांच्या सहीने उघडते. त्यांनी कॅव्हेनॉ यांच्या व्हाइट हाउसमधल्या वकिली काळातलेच कागद मागितले. नंतरच्या, 2003 ते 2006 च्या स्टाफ सेक्रेटरीपदाचे नाहीत. जे मागितले ते सुमारे 9 लाख पानं. राष्ट्रीय अभिलेखागार म्हणालं, ऑक्टोबरअखेर होईल. सिनेटने मतदान 6 ऑक्टोबरला उरकलं, 50 विरुद्ध 48.

निघताना मी खोक्याचा क्रमांक, फोल्डरचं नाव आणि तक्त्यातली तारीख टिपून घेतली. नवा अर्ज दोन ओळींचा झाला.