रिकामा डबा

परवा रात्री 'द लंचबॉक्स' पुन्हा पाहिला. रितेश बत्राचा, २०१३ सालचा सिनेमा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळं लक्ष चिठ्ठ्यांकडे होतं. या खेपेला मी नुसता डबा बघत बसले.

इला नवऱ्यासाठी जीव ओतून डबा करते आणि तो जातो भलत्याच माणसाकडे, निवृत्तीला टेकलेल्या विधुर साजन फर्नांडिसकडे. संध्याकाळी डबा परत येतो तो चाटूनपुसून लख्ख. एवढ्यावरच बाई खुलते. मग डब्यातून दोघांच्या चिठ्ठ्या सुरू होतात.

हे शास्त्र माझ्या आईला चांगलं येत होतं. बाबा कामावरून आले की डब्याची पिशवी ओट्यावर ठेवत. आई ती उघडायच्या आधी नुसती उचलून बघायची. हलकी लागली तर काही बोलायची नाही. जड लागली तर, "बरं नाही का?" भाजी कशी झाली होती, हे बाबांनी कधी सांगितलेलं मला आठवत नाही. एकदा शेपू तसाच्या तसा परत आला, तर दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा शेपूच दिला. ते भांडण होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

साजन चिठ्ठीत काय लिहितो? आज जेवण खारट होतं. झालं! ना आभार, ना कौतुक. पण इलाच्या घरात तेवढंही कोणी बोलत नव्हतं. मग वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी टोपलीतून मिरच्या खाली सोडतात. आंटी झालेल्या भारती आचरेकर पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, नुसता आवाज. तरी अख्खी बाई उभी राहते.

पुढे दोघांचं भेटायचं ठरतं. तो येतो, लांबून तिला बघतो आणि तसाच निघून जातो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा येतो. तो एकेक पुड सुटा करून बघतो. सगळे रिकामे. आपल्यात शेजाऱ्याचं भांडंसुद्धा रिकामं परत देत नाहीत, काही नसेल तर चमचाभर साखर घालतात. म्हणून तो डबा मला जरा जास्तच झोंबला.

आणि आठवली माझी वाटी. समोरच्या काकूंकडे अळूची भाजी दिली होती, त्याला दोन आठवडे झाले. आईचं नाव घातलेली वाटी, म्हणून जीव अडकलेला. सकाळी बेल वाजवली. वाटी घासूनपुसून दाराजवळच्या कपाटावर तयार होती.

"अगं, रिकामी कशी देऊ? एकटीसाठी काही करणं होत नाही. खिचडी टाकते आणि कुकरमधूनच खाते."

"साखर घाला की चिमूटभर."

"डॉक्टरांनी बंद केलीय. घरात आणतच नाही मी."

यावर काय बोलणार? वाटी तिथेच ठेवून आले.

आज दुपारी बेल वाजली. वाटीत आमसुलाची आमटी होती, काठोकाठ, वर ताटली झाकलेली. काकू जिन्यात उभ्याच राहिल्या, मी चव घेईपर्यंत.

खारट होती. तसं सांगितलं त्यांना.

"हो ना? मला वाटलंच," म्हणाल्या, आणि आत येऊन बसल्या.