०.४५ मोठं की ०.६?

पवित्र पोर्टलवरून (सरकारच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून) शिक्षक म्हणून नेमणूक मिळालेली नवी पोरं-पोरी अधूनमधून फोन करतात. पहिला प्रश्न बहुतेकांचा ठरलेला: "मॅडम, सहावी ते आठवीचं गणित तर सोपंच आहे, तयारी कसली करायची?" बी.एस्सी. होऊन टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर काढलेल्या माणसाला लसावि-मसावि अवघड जाणार नाही, हे खरं. पण वर्गात कामाला येतं ते वेगळंच. पोरानं चुकीचं उत्तर कोणत्या वाटेनं काढलं, हे वही चाळता चाळता ओळखता यायला हवं. डी.एड., बी.एड.ला हे कुणी नीट शिकवत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतेय.

मी बीड जिल्ह्यात, धारूरच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. पोरांचं गणित बघायचं म्हणून मी सहावीच्या वर्गात विचारते, ०.४५ मोठं की ०.६? अर्धा वर्ग छातीठोक सांगतो, ०.४५. कारण पंचेचाळीस सहापेक्षा मोठे. ही चूक कुणालाही दिसते. खरी गंमत उरलेल्या अर्ध्या वर्गात आहे. तिथं "०.६ मोठं" म्हणणाऱ्यांत काहीजण असं धरून चाललेले असतात की दशांश चिन्हापुढे आकडे जितके जास्त तितकी संख्या बारीक, कारण शतांश म्हणजे दशांशापेक्षा लहान तुकडा. उत्तर बरोबर, डोक्यातलं सगळं चूक, आणि आपण वहीत टिक मारून मोकळे. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, ०.३५ मोठं की ०.२? आता पहिल्या गटाचं उत्तर बरोबर येतं आणि दुसऱ्या गटातलं पोरगं पकडलं जातं. दोन्ही प्रश्न सुटले तर पुढं जायचं. घटकचाचणीत यातला एकच विचारला असेल, तर त्या चाचणीचे गुण नोंदवहीत भरायला ठीक, बाकी त्यावरून काही कळत नाही.

हे दुरुस्त कसं करायचं? रुपये-पैशांचं उदाहरण मी टाळते. साडेपाच रुपये, म्हणजे ५.५०, पोरं "पाच रुपये पन्नास पैसे" असं वाचतात, आणि मधला टिंब म्हणजे दोन वेगळ्या संख्यांमधलं कुंपण, हा समज आणखी पक्का होतो. आमच्याकडं त्यापेक्षा चांगली वस्तू घराघरात सापडते: साखर कारखान्याच्या वजनकाट्याची पावती. त्यावर टनाचा आकडा १८.४५० असा, चिन्हापुढं तीन आकड्यांनी छापलेला असतो. अठरा टन साडेचारशे किलो. आता ही गाडी जड की १८.६ टनांची? आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत राहून आलेलं पोरगं सहाच्या पुढं आपणहून दोन शून्यं लावतं, कारण सहाशे किलो आणि साडेचारशे किलो यांतला फरक त्याच्या आईबापाच्या मजुरीचा असतो. कोकणात किंवा पुण्यात शिकवणाऱ्यानं ही पावती उसनी घेऊ नये, तिथलं तिथं काही ना काही असतंच.

अपूर्णांकांची बेरीज आली की १/२ + १/३ = २/५ हे दरवर्षी येणारच. लाल शाईनं काट मारून "समच्छेद करा" लिहिलं की पोरगं समच्छेद करतं आणि दिवाळीनंतर परत २/५ वर येतं. मी फक्त विचारते, २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? कमी. मग अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली आणि ती कमी कशी झाली? यानंतर गप्प बसायचं. गप्प बसणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे. पुढच्या बाकावरची हुशार पोरगी हात वर करून थरथरत असते, घड्याळ पुढं सरकत असतं, आणि आपल्याला मात्र मागच्या बाकावरचं पोरगं कपाळाला आठ्या घालून बसलंय तोवर थांबायचं असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: उदाहरणातले आकडे निवडणं. घातांक शिकवताना फळ्यावर पहिलंच उदाहरण २ चा वर्ग घेऊ नका. दोन अधिक दोन चार, दोन गुणिले दोन चार, दोनाचा वर्गही चार. पोरगं पाया आणि घातांक यांचा गुणाकार करून बसलं तरी उत्तर बरोबरच येणार. ५ चा घन घ्या, मग १५ आणि १२५ समोरासमोर येतात. तसंच क्षेत्रफळ-परिमितीला ४ सेंमी बाजूचा चौरस घेऊ नका, दोन्हीकडं १६ येतात. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण जसंच्या तसं फळ्यावर उतरवण्याआधी ते स्वतः तीन चुकीच्या रीतींनी सोडवून बघावं. एखाद्या चुकीच्या रीतीनंही बरोबर उत्तर आलं, तर आकडे बदलावेत. माझी तयारी म्हणजे मुख्यतः हीच.

सातवीला पूर्णांकांचा गुणाकार येतो आणि "ऋण गुणिले ऋण धन का?" हा प्रश्न येतो. नियम पाठ करून घेणारे शिक्षक मला भेटलेत, त्यांची पोरं परीक्षेत पास होतात, आणि आठवीत बेरजेलाही तोच नियम लावतात: (−३) + (−५) = ८. आमच्याकडं ऋण संख्या शिकवायला तापमापक लागत नाही, उचल पुरते. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. पन्नास हजार उचल, तीस हजारांचं काम झालं, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, बाकी किती? पोरं वही न उघडता सांगतात, वीस हजार अंगावर. तेच −२०,०००. मग चार आठवडे प्रत्येकी ५०० रुपये कापले: ४ × (−५००) = −२०००. आता अशा चार कपाती माघारी घेतल्या: (−४) × (−५००), म्हणजे हातात २००० जास्त. एकदा हे चाललेलं असताना मागून आवाज आला, "मुकादम कुठं माघारी घेतोय, मॅडम!" वर्ग खो खो हसला. नियम मात्र त्या वर्गाकडून पाठ करून घ्यावा लागला नाही.

तीच पोरं दिवाळीच्या आसपास आईबापांबरोबर ऊसतोडीला जायला लागतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गावात हंगामी वसतिगृह चाललं तर काही मागं राहतात, काही आजीजवळ. गेलेली मार्च-एप्रिलमध्ये परततात, तोवर दुसऱ्या सत्रातलं गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, सरळव्याज होऊन गेलेलं असतं. इतिहासाचा एखादा पाठ बुडला तर पुढचा पाठ वाचता येतो. गुणोत्तर बुडलं तर शेकडेवारी अधांतरी. परतलेल्या पोराला सगळी प्रकरणं पळवत शिकवू नये. गुणोत्तर नीट करून घ्यावं, त्यावर शेकडेवारी उभी करावी, सरळव्याज राहिलं तर राहू द्यावं. संकलित चाचणी तोंडावर असताना हे करायला हिंमत लागते. सातवीला संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, ६० गुण आणि आकारिकचे, म्हणजे सत्रभर चाललेल्या कामाचे, ४०. त्या ४० मध्ये तोंडी काम, वर्गकार्य, स्वाध्याय हे सगळं बसतं, आणि परतलेल्या पोराला खरं काय येतं ते तिथंच न्यायानं मांडता येतं.

बाकी कामांचं काय सांगू. यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्याच्या) नोंदी, आधार जुळत नाही म्हणून अडकलेली नावं, पोषण आहाराची चव घेऊन वहीत सही. उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ. आज ६२ हजर तर ९ किलो ३०० ग्रॅम. हे गणित मी सहावीकडून करून घेते, तेवढाच माझा वेळ वाचतो. शिक्षणहक्काच्या (आरटीई) कायद्याच्या २७व्या कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावता येतात असं लिहिलंय. निवडणुकीत मतदारयाद्यांचं कामही येतंच. त्या कलमाबाहेरचं मात्र इतकं काही येतं, की वह्या तपासायला उरतो तो एसटीतला वेळ. आणि वह्या बघितल्या नाहीत, तर वर लिहिलेल्यातलं काहीच होत नाही.

आठवीला शिकवणाऱ्यांसाठी शेवटचं. एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या पोरांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा डिसेंबरात असते, म्हणजे आमची पोरं ऊसाच्या फडात असतात तेव्हा. निवड झाली तर नववी ते बारावी महिना १००० रुपये, वर्षाला १२,०००. अट सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०) आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० गुणांचे. पालकांशी बोलायचं ते ऑगस्टात, उचल घ्यायच्या आधी. एकदा मुकादमाशी व्यवहार ठरला आणि पोरीला धाकट्या भावाला सांभाळायला न्यायचं ठरलं, की मग आपल्या बोलण्याला वजन राहत नाही. आकडा मांडून दाखवायचा: चार वर्षांचे ४८,०००. आजी गावात असेल तर तिच्याशीही बोलायचं, कारण पोरगी ठेवून घ्यायची की नाही हे बऱ्याचदा तीच ठरवते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून त्याच महिन्यात काढायला लावायचा आणि पोरीचं बँकखातं आधारशी जोडून घ्यायचं. आईबाप एकदा गावाबाहेर पडले, की सहीला माणूस मिळत नाही.